फुलीवरचा गोल आणि परत आलेल्या तेवीस प्लेटा

प्रश्न असा आहे. आर्वीजवळच्या गावात वर्कशॉप टाकलेल्या एका तरुण मशिनिस्टला बुटीबोरीच्या पार्टीकडून १२० बाय ८० एमएमच्या, १६ एमएम जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटांचं काम मिळालं. प्लेटला चार होल, व्यास ९.० ते ९.२. होलखाली एक लांबट चौकट, तिच्यात फुली मारलेला गोल, मग व्यासाची खूण आणि ०.५, वर्तुळातला एम, आणि शेवटी ए, बी, सी. त्याने लिहिलंय, "काका, मी प्रत्येक होल अर्ध्या एमएमच्या आत ठेवलं. तरी ६० मधल्या २३ प्लेटा परत आल्या. इन्स्पेक्टर म्हणतो पोझिशन आऊट. माझं काय चुकलं?" सोबत तीन रिजेक्ट होलचे आकडे दिले आहेत.

गड्या, आकडे पाठवलेस हे बरं केलंस. त्यावरून दिसतं की तुझा हात वाईट नाही, वाचन चुकलंय. तू ०.५ ला ±०.५ समजलास. त्या चौकटीत ± ला जागाच नसते. व्यासाची खूण आहे म्हणजे ती ०.५ व्यासाची गोल जागा. बरोब्बर मध्यापासून कोणत्याही दिशेला फक्त ०.२५. तू दुप्पट सूट घेऊन बसलास.

आता हे पाठ करून उपयोग नाही, डोळ्यासमोर यायला पाहिजे. तुझ्या-माझ्या बापजाद्यांनी चौफुलीवर कपाशी लावलेली आहे. आधी उभ्या काकऱ्या, मग आडव्या काकऱ्या, आणि जिथे फुली पडते तिथे सरकी टोबायची. का? तर डवरा उभाही चालला पाहिजे आणि आडवाही. सरकी टोबणारी बाई काही फुलीच्या अगदी टोकावर बोट ठेवत नाही, बोटभर इकडे-तिकडे होतंच. तेवढं चालतं. फुलीपासून किती सरकलं तर झाड डवऱ्याच्या पात्यात येईल, तेवढाच प्रश्न. ड्रॉइंगवरची खूण बघ, फुली आणि तिच्याभोवती गोल. फुली म्हणजे होल जिथे असायला हवा ती जागा, गोल म्हणजे सरकायची मुभा.

ती फुली कुठे पडते हे चौकोनात लिहिलेले आकडे सांगतात. तुझ्या प्लेटवर १५, १०५, १५, ६५ असे चार आकडे चौकोनी डब्यात आहेत. त्यांना स्वतःचा टॉलरन्स, म्हणजे कमी-जास्तीची सूट, नसतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "टॉलरन्स न दिलेल्या मापांना ±०.३" असं काही छापलेलं असतं, ते या डब्यातल्या मापांना लागू होत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं इथे हमखास घसरतात.

आता गोल का, चौकोन का नाही? समज, डिझायनरने ±०.१८ दिलं असतं. मग होलच्या मध्याला ०.३६ बाजूचा चौकोन मिळाला असता. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात गेलास तर फुलीपासून जवळजवळ ०.२५ दूर, तरी पास. पण सरळ उजवीकडे ०.२२ गेलास तर फेल, जरी तू फुलीच्या जास्त जवळ आहेस. बोल्टला कोपरा कळत नाही, त्याला अंतर कळतं. त्या चौकोनाभोवती गोल काढला तर जागा ५७ टक्के वाढते आणि जोडणीला काही फरक पडत नाही. ही गोष्ट स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रियाच्या टॉर्पेडो कारखान्यात काम करणाऱ्या स्टॅनली पार्कर यांच्या नावावर आहे, १९३८ च्या सुमारासची. रिजेक्ट केलेला माल जोडून बघितला तर नीट बसतोय, हे तिथून पुढे आलं. म्हणजे ही खूण कारागिराला अडकवायला नाही, त्याला जागा द्यायला निघाली होती.

तुझे आकडे घेऊ. पहिलं होल, असायला हवं १५ आणि १५, आलं १५.२२ आणि १५.१८. चूक ०.२२ आणि ०.१८. दोन्हींचा वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ काढ, दुप्पट कर. दुप्पट विसरू नकोस, कारण मर्यादा व्यासात दिली आहे आणि तू मोजलंस ते अंतर. उत्तर येतं ०.५७. मर्यादा ०.५. म्हणजे आऊट?

थांब. वर्तुळातला एम अजून वाचायचा आहे.

एमचा अर्थ असा की ०.५ ही मुभा होल सगळ्यात लहान, म्हणजे बरोबर ९.० असताना आहे. होल जितकं मोठं झालं, तितकी मुभा वाढते. या वाढीला बोनस म्हणतात. तू लिहिलंस की हे होल ९.१४ आहे. ०.१४ जास्त, म्हणून मुभा ०.६४. तुझी चूक ०.५७. हे होल पास आहे. इन्स्पेक्टरने एम धरला नाही, किंवा त्याच्या तक्त्यात तो रकानाच नाही. असं होतं. रागावू नकोस, पण त्याला हे लिहून पाठव.

दुसरं होल, हवं १०५ आणि ६५, आलं १०४.७६ आणि ६५.२०. चूक ०.२४ आणि ०.२०, उत्तर ०.६२. होल मात्र ९.०४ चं. मुभा ०.५४. हे खरंच आऊट. तिसरं होल ०.३८ आणि ०.१० ने चुकलंय, म्हणजे ०.७९. होल अगदी ९.२ केलं तरी मुभा ०.७० च्या वर जात नाही. त्याला इलाज नाही.

पण दुसऱ्याला आहे, आणि हाच प्रकार कुणी सांगत नाही. ते ९.०४ चं होल रीमरने, म्हणजे होल थोडं मोठं करायच्या हत्याराने, ९.१६ कर. मुभा ०.६६ झाली, चूक ०.६२ च राहिली. प्लेट पास. यात चोरी काही नाही, ९.१६ हे माप ड्रॉइंगमध्ये बसतं. अट एकच, होल मोठं होताना मध्य हलता कामा नये. म्हणून हँड रीमर वापर, तो जुन्या होलच्या मागे जातो. कानस घालून होल एका बाजूला खेचायचं नाही. मी हे केलेलं आहे म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात एका कारखान्यात हेल्पर होतो, सुपरवायझरने रात्रपाळीला चाळीस प्लेटा अशाच गोल कानशीने "जागेवर आणायला" लावल्या. सकाळी प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी आत जायलाच नको ती, एका अंगाने खडखडत आत गेली आणि चाळीसच्या चाळीस भंगारात गेल्या. हप्ता माझा कापला, सुपरवायझरचा नाही.

होलचा आकार मोजतानाही एक सांगतो. बोनस काढायला व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांचा आकडा धरू नकोस. होल थोडं वाकडं, थोडं लंबगोल असतं. त्यात जी सगळ्यात जाड पिन शिरते, ती त्या होलची खरी साईज. ९.०० पासून ९.२० पर्यंत दोन-दोन शतांशाच्या पिनांचा सेट घेतलास तर वर्षभर पुरेल.

हा ०.५ आला कुठून, हे कळलं की पुढे कधी घोटाळा होणार नाही. तुझी प्लेट एम ८ च्या बोल्टने कुठल्या तरी हाउसिंगवर बसते, आणि हाउसिंगला टॅप मारलेले, म्हणजे आटे पाडलेले, होल असणार. सगळ्यात लहान होल ९.०, बोल्ट ८.०. मोकळीक एक एमएम. टॅपमध्ये बोल्ट फिट होतो, त्याला सरकता येत नाही, म्हणून ही एक एमएम दोघांत वाटायची. अर्धा एमएम तुझ्या प्लेटला, अर्धा हाउसिंगवाल्याला. त्याचा बोल्ट ०.२५ ने डावीकडे आणि तुझं होल ०.२५ ने उजवीकडे, अशी सगळ्यात वाईट जोडी पडली तरी बोल्ट जेमतेम जातो. आणि समोरही साधं आरपार होल असून नट लागत असेल, तर बोल्ट मोकळा असतो, वाटणी करावी लागत नाही. तेव्हा दोघांनाही पूर्ण १.० देता येतो. पार्टीला विचार, समोर टॅप आहे की आरपार. आरपार निघालं तर त्यांना मुभा वाढवून मागता येते. डिझायनर बरेचदा जुन्या ड्रॉइंगवरून आकडा उचलतात, फोन केला तर बदलूनही देतात. पण बदल ड्रॉइंगवर आला पाहिजे, फोनवरच्या "चालेल ना" वर होल मारू नकोस.

एम नसेल तेव्हा काय? मग बोनस नाही, होल कितीही मोठं असो, मुभा ठरलेली. डॉवेल पिनचे होल, गिअरच्या शाफ्टचे बोअर इथे असंच देतात, कारण तिथे बोल्ट जातो का हा प्रश्न नसून मध्य कुठे आहे हा असतो. वर्तुळात एल असेल तर होल लहान होईल तशी मुभा वाढते, कडेची भिंत पातळ होऊ नये म्हणून. तुझ्या कामात क्वचित दिसेल.

आता ए, बी, सी. इथे तुझी दुसरी चूक आहे असा माझा अंदाज आहे.  प्लेट जराशी फिरून धरली गेली असावी.

वावराच्या मोजणीत भूमापक पहिल्यांदा कोणता दगड धरतो त्यावर धुरा कुठून जाणार हे ठरतं. दोन दगडांत आधीच गडबड असेल, तर या दगडावरून मोजलं की शेजाऱ्याचं वावर हात-दोन हात आत येतं, त्या दगडावरून मोजलं की तुझं. इथेही तेच. ए म्हणजे तळ, तो आधी टेकवायचा, तीन ठिकाणी. मग बी, म्हणजे लांब बाजू, ती दोन ठिकाणी टेकवायची. शेवटी सी, आखूड बाजू, ती फक्त एका ठिकाणी लागते. क्रम उलटा केला तर आकडे बदलतात. तुझ्या प्लेटा गॅस कटिंगच्या, कडा शेपरवर मारलेल्या. समज, सी बाजू गुण्याला ८० एमएममध्ये ०.३ ने मारते. तू आधी सी घट्ट टेकवलीस तर सगळी प्लेट तेवढी फिरली. ९० एमएम दूरचं होल ०.३४ ने वर किंवा खाली दिसणार. तुझी सगळी मुभा तिथेच संपली, ड्रिलने काही चूक न करता.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच क्रम मोडतात. बॉक्स अँगल प्लेट, म्हणजे गुण्यातला चौकोनी ठोकळा, सरफेस प्लेटवर (मोजायच्या सपाट पाटावर) ठेव. तुझ्या प्लेटचा तळ, म्हणजे ए, अँगल प्लेटच्या उभ्या तोंडाला लाव. बी बाजू खाली सरफेस प्लेटवर टेकव, मग क्लॅम्प कर. होलमध्ये घट्ट पिन घाल, पिनच्या माथ्यावर हाइट गेजला लावलेला डायल फिरव, पिनचा अर्धा व्यास वजा कर. बीपासूनचं माप मिळालं. आता लोक काय करतात? प्लेट सोडतात आणि सी बाजूवर उभी करतात. झालं, सी दोन ठिकाणी टेकली, बी सुटली. तसं नको. क्लॅम्प न सोडता अख्खी बॉक्स अँगल प्लेट नव्वद अंशात लोळव, सी बाजू वर येईल अशी. सीच्या कडेवर डायल फिरव, जो सगळ्यात उंच ठिपका सापडेल तिथे शून्य कर, आणि तिथून पिनपर्यंत खाली ये. बीचा गुण्या तसाच राहिला, सी एका ठिपक्यावर लागली. इन्स्पेक्शनवाल्याचं सीएमएम, म्हणजे मोजायचं संगणकी मशीन, आतल्या आत हेच करतं, फक्त त्याला एसीत बसून करता येतं.

एसीवरून आठवलं. मापाचं ठरलेलं तापमान २० अंश. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ अंशांत काम चालतं. १२० एमएम लोखंड तेवढ्याने साधारण साडेतीन शतांश वाढतं. ०.५ च्या कामात सोडून दे. शिवाय तुझा हाइट गेजही पोलादीच आहे, तोही तेवढाच वाढतो. ॲल्युमिनियमचा जॉब आला आणि मुभा ०.१ ची असली, तर मात्र सकाळी सहाला मोज.

आणखी एक. ती ०.५ ची जागा कागदावर गोल दिसते, प्रत्यक्षात ती १६ एमएम उंचीची नळकांडी आहे. होलचा आस वरपासून खालपर्यंत तिच्या आत पाहिजे. बेंच ड्रिलचं टेबल जरासं झुकलं की वरून होल बरोबर, खालून बाहेर. टेबल गुण्यात आहे का ते बघायला स्पिंडलमध्ये वाकवलेला रॉड धर, टोकाला डायल बांध, हाताने फिरव. पाच मिनिटांचं काम आहे, महिन्यातून एकदा कर. टॅपच्या होलला तर हे आणखी जास्त लागतं. टॅप वाकडा गेला की बाहेर आलेला स्टड टोकाला कितीतरी जास्त कलतो. १६ जाडीत ०.१ वाकडा असेल तर ३२ बाहेर आलेल्या स्टडच्या टोकाला आणखी ०.२. म्हणून तशा ड्रॉइंगवर वर्तुळात पी आणि एक लांबी लिहिलेली असते. त्याचा अर्थ नळकांडी प्लेटच्या आत नाही, बाहेर तेवढ्या लांबीवर तपासायची.

आता कामाचं बोलू. पुढच्या लॉटला मार्किंग आणि सेंटर पंचवर जाऊ नकोस. माझा हात तीस वर्षांचा आहे, तरी पंचने पाव एमएम इकडे-तिकडे होतंच, आणि तुझी अख्खी मुभाच पाव एमएम आहे. ड्रिल जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा, कर. एक वीस एमएमची प्लेट, चार कडक बुश, बीला दोन पिना, सीला एक पिन. मोजायचा क्रम आणि धरायचा क्रम एकच झाला पाहिजे, म्हणून पिनाही दोन आणि एक. जिगचे बुश कुठल्या तरी व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, बोअर करून घे, पैसे जातील पण एकदाच. आणि ९.० चा ड्रिल न लावता ९.१ चा लाव. होल ९.१ च्या आसपास आलं की ०.१ बोनस तुला आयता मिळतो. ड्रिलचे दोन्ही ओठ सारखे घासलेले पाहिजेत, नाहीतर तो होल मोठंही करतो आणि सरकतोही, आणि ९.२ ओलांडलं तर बोनस काय कामाचा.

जिगच्याही आधी गेज कर. खरं तर हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला घेतलं. तुझं होल सगळ्यात लहान ९.०, मुभा ०.५, वजाबाकी ८.५. एका जाड प्लेटवर बरोबर फुलीवर ८.५ च्या चार घासलेल्या पिना ठोक, बी आणि सीला अडकण लाव. आलेला जॉब त्यावर टाक, बीला टेकव, सीला टेकव. तळ पूर्ण बसला तर पोझिशन पास, वर्ग-वर्गमूळ काही नाही. बोनसचा हिशोब पिना आपोआप करतात, होल मोठं असेल तर ते जास्त सरकलं तरी बसतं. ८.५ का? कारण हाउसिंगचा ८ चा बोल्ट त्याच्या अर्ध्या एमएमच्या मुभेत फिरला की जेवढी जागा व्यापतो, ती ८.५. म्हणजे गेज म्हणजे समोरचा सगळ्यात वाईट पार्ट. फुलीवरून चालणारा डवराच समज, त्याला झाड किती सरकलं याचा आकडा नको, पातं निघालं की झालं. गेजच्या पिनांची जागा मात्र ०.०५ च्या आत पाहिजे, जॉबच्या मुभेच्या दहाव्या हिश्शात. होलचा आकार वेगळा तपासायचा, ९.० गो, ९.२ नो-गो. हे गेज तो आकार सांगत नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आयएसओ ११०१ असं लिहिलेलं असतं, तेच या खुणांचं आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक. अमेरिकन पार्टी असेल तर एएसएमई वाय १४.५. चौकट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच वाचतात. फरक आहे तो आकाराच्या नियमात. अमेरिकन पद्धतीत होलच्या मापाच्या हद्दीत त्याचा सरळपणाही आलेला असतो, आयएसओत तो वेगळा सांगावा लागतो. तुझ्या १६ जाडीच्या प्लेटला त्याने रात्रीची झोप उडत नाही.

तेवीस प्लेटांचं काय करायचं ते आता तुला दिसलंच असेल. गेज तयार झालं की एक-एक टाक आणि खडूने तीन ढीग कर. पहिल्या ढिगात गेजवर बसल्या त्या, इन्स्पेक्टरला आकड्यांसकट परत पाठवायच्या. दुसऱ्यात ज्या बसत नाहीत पण चूक ०.६८ च्या आत आहे त्या, त्यांचं अडलेलं होल ९.१८ पर्यंत रीम कर आणि पुन्हा गेजवर टाक. ९.२० ला जाऊ नकोस, दोन शतांश तुझ्या आणि त्यांच्या पिनमधल्या फरकाला ठेव. झिंक होऊन आल्या असतील तर रीमरने आतलं झिंक जाईल, ते पार्टीला आधी सांग. तिसऱ्या ढिगात जे उरेल ते तुझं नुकसान. जिगच्या प्लेटला वीस जाडी लागते, नाहीतर म्हटलं असतं त्यातूनच कर.